फिल्टरच्या नळीचा आवाज

आमची सून कॉलेजात हिशेब शिकवते. साधा नाही हं, कारखान्यानं पाणी, कोळसा किती वाया घालवला त्याचा. मुलांसाठी ती पॉडकास्ट करते, तेही माझ्या स्वयंपाकघरात, कारण तिथे रस्त्याचा आवाज येत नाही.

परवा पंखा बंद करून ती बोलत होती, "जे फेकून देतो, तेही आपण विकतच घेतलेलं असतं." मी गुपचूप मेथी निवडत होते. नंतर तिनं ऐकवलं, तर तिच्या बोलण्यामागे सारखी धार पडत होती. पाण्याच्या फिल्टरमधून टाकाऊ पाणी सिंकमध्ये चाललेलं! इतकी वर्षं शेजारी बसून मला ते ऐकूच आलं नव्हतं. आणि आमची बोअर तर उन्हाळ्यात नुसती हवा ओकते. मी घाबरून सुनेला ती धार दाखवली. असं अजून काय काय वाहून जात असेल, आपल्याला ऐकू न येता?

"घाबरू नका आई, तो आवाज काढता येतो," सून म्हणाली. तिनं बटण दाबलं आणि धार गेली. रेकॉर्डिंग अगदी स्वच्छ. सिंकमध्ये पाणी वाहतच होतं. मला जास्तच धसका बसला.

मी उठून नळीखाली बादली ठेवली. रिकाम्या बादलीत धार केवढ्यानं वाजायला लागली!

"अहो आई, अजून एक रेकॉर्डिंग करायचंय!"

"कर की," मी म्हटलं. "वाजू दे."