पोळ्याच्या वाटेवरची जागा

२००६ सालच्या पोळ्याच्या दिवशी दुपारी चार वाजता चुंगडीबाईंनी आपल्या जागेभोवतीची काटेरी तार स्वतःच्या हाताने तोडली. पक्कड माझी होती. त्यांनी पुढे जे उभे केले त्याची सुरुवात मी त्या घटकेपासून धरतो.

चुंगडी म्हणजे पोते. राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात त्या फाटकी पोती विकत घेत, शिवत आणि सरकी भरण्यासाठी कापसाच्या जिनिंग कारखान्याला विकत. पोते हाती आले की ते डोक्यावर पालथे घालून सूर्याकडे तोंड करीत. जिथून उजेड आला तिथे सुई. माणसांकडेही त्या तसेच पाहत. नवरा लवकर गेला. मुलगी पोत्यांच्या थप्पीवर वाढली, शिकली आणि यवतमाळला नर्स झाली. बाईंना मी कधी रिकाम्या हाताने बसलेले पाहिले नाही, आणि हळू आवाजात बोलताना ऐकले नाही.

कापसाचे भाव कोसळले आणि जिनिंग बंद पडले. मालकाने बाईंचे पैसे बुडवले. घरात छपरापर्यंत पोती, आणि ते घर पतसंस्थेकडे तारण. गावाने सल्ले दिले : मुलीकडे जा, नाहीतर शिलाई मशीन घ्या. बाईंनी सगळी पोती मिळेल त्या भावाने विकून टाकली आणि बसथांब्याजवळची एक पडीक जागा घेतली. मी तेव्हा भूमापन खात्यातून निवृत्त होऊन नुकताच गावी परतलो होतो. घर सोडवायचे सोडून जागा कशासाठी, असे मी विचारले.

"भाऊ, घर सोडवलं त मी घरात बसीन. मंग पोट कोन भरीन? चुंगडी फाटते, जागा फाटत नाई. अन् लोकं आता इकून राह्यले, त आताच घ्याव. तेजीत आपल्याले कोन इचारते?"

हे मला पटले नाही.

त्यांनी जागेला तार लावली, आणि तिथेच घात झाला. पोळ्याला सगळ्या जोड्या गावाच्या तोरणाखाली उभ्या करतात; तिथून सुटलेले बैल त्याच जागेतून मारुतीच्या देवळाकडे जात. ही वाट नकाशावर नव्हती. ती वर्षातून एकदा, बैलांच्या खुरांनी उमटे. आमच्याकडे पोळ्याला बाया तोरणाकडे फिरकत नाहीत. आरतीचे ताट घेऊन त्या दारात थांबतात, बैल दारी येतात. बाईंनी लग्न होऊन आल्यापासून बैल पुजले होते. ते कोणत्या वाटेने येतात, हे त्यांनी कधी पाहिले नव्हते. विकणारा नागपूरला निघून गेला होता, तो बोलला नाही. गावातल्यांना ठाऊक होते, तेही बोलले नाहीत. नोकरीत माझे पोळे बाहेरगावीच गेले, मलाही ती वाट आठवली नाही.

पोळ्याच्या दिवशी झुली पांघरलेल्या जोड्या तारेपाशी येऊन अडल्या. सायकल दुरुस्त करणाऱ्या एका चहाटळाने तिथल्या तिथे झडती, म्हणजे पोळ्याला तोरणापाशी म्हणतात ते टोमण्याचे कवन, रचून म्हटली :

"चुंगडीवालीनं घेतला प्लाट,
तार लावून अडवली वाट;
बैल म्हने मालकाले,
काढ रे पाटील इचा थाट!"

हशा झाला. कोणीतरी बाईंना बोलावून आणले. पुरुषांच्या त्या गर्दीत त्या एकट्याच बाई होत्या.

"मावशी, तार काढा," पोलीस पाटील म्हणाले. "पोयाची वाट हाय ही."

"जागा घेतली तवा चहा प्याले सारेच आलते. तवा काहून नाई सांगतलं?"

"तुले काय वाटलं, बैल उडत येते?" मागून एकजण ओरडला.

तार ठेवली तर गाव तुटणार. काढली तर जागेच्या मधोमध कायमची वाट, आणि असल्या जागेला गिऱ्हाईक नाही. मग घरही पतसंस्थेच्या घशात. हे तिथे प्रत्येकाला कळत होते. हसणे आपोआप थांबले.

बाईंनी वाटेच्या दोन्ही बाजूंची उरलेली जागा नजरेने मोजली. मग माझ्याकडे वळल्या. "भाऊ, पक्कड हाय का घरी?"

मी आणून दिली. त्यांनी एकेक पदर तोडला, पहिल्या बैलाच्या कपाळी कुंकू लावले आणि गर्दीकडे तोंड केले.

"बैल मधातून जातीन. मी मेली तरी जातीन. पन दोन्ही बाजूले मी बांधीन, अन् दारं वाटेकडंच काढीन. तोरनापाशी उभे हा, आत्ताच बोला. हो का नाई?"

"बांध मावशी," पाटील म्हणाले.

"एकट्यानं नोको. साऱ्यायनं बोला."

गाव एका आवाजात 'हर हर महादेव' गरजले. आमच्याकडे त्याहून पक्का करार नाही.

"मले एक खोली देजो मावशी," झडतीवाला म्हणाला.

"देईन. पन झडती म्हनली का भाडं डबल!"

कुंपणाने त्यांना एक बंद चौकोन मिळाला असता. वाटेने दोन रांगा दारे दिली. आरंभी टिनाच्या दोन खोल्या झाल्या. पहिला भाडेकरू झडतीवालाच. मग न्हावी आला, बियाण्यांचे दुकान आले. थांब्यावरून गावात येणारा प्रत्येक माणूस आता त्या वाटेने येऊ लागला. बाईंनी घर सोडवले. पुढे ज्या मालकाने त्यांचे पैसे बुडवले होते, त्याच्याच जिनिंगची रस्त्याकडची जागा त्यांनी विकत घेतली. खरेदीच्या दिवशी त्याने त्यांना खुर्ची दिली. त्या बसल्या, चहा प्यायल्या आणि भावात एक रुपया सोडला नाही.

"जागा घ्याच्या आधी तिथला सनवार पाहाव," असे त्या नंतर सांगत. महागावच्या एका चांगल्या जागेचा सौदा त्यांनी होळीपर्यंत रोखून धरला आणि होळी तिथेच पेटते हे पाहून सोडून दिला. आयुष्यभर मोजणीची साखळी ओढूनही मला हे सुचले नव्हते. आता कोणी सल्ला विचारला तर मी हेच सांगतो, आणि कोणाचे ते सांगतो.

गुडघे थकले तेव्हा मुलीने त्यांना यवतमाळला बोलावले. एसटीत चढताना त्या म्हणाल्या, "भाऊ, भाड्याचं पोरगी पाहीन. नाल्या तुमी पाहा."

"मी काय तुमचा नोकर आहे?"

"नाई. नोकर ऐकत नाई."

गाडी सुटली. आमची पुन्हा भेट झाली नाही. थांब्यावरून परतताना न्हाव्याच्या दुकानामागे पाणी साचलेले दिसले. मी घरून फावडे आणले, गाळ उपसून नाली मोकळी केली, आणि पाणी वाहू लागल्यावर फावडे धुऊन ठेवले.