साडेतीस फेऱ्यांचं गाणं

तुम्ही पाठवलेली रेकॉर्ड मंगळवारी जळगावला पोचली. कुरिअरवाल्याने खालून फोन केला, "मोठं चपटं पार्सल आहे, आजी. आरसा आहे का?" मी म्हटलं, "गाणी आहेत." तो जिना चढून येईपर्यंत तुमचे आजोबा चष्मा पुसून तयार होते.

ह्याच अल्बमची जुनी रेकॉर्ड आमच्याकडे आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या इंग्रजीच्या प्राध्यापिकाबाई धुळं सोडून गेल्या, तेव्हा जाताना त्यांनी ती मला लग्नाची भेट म्हणून दिली. एक अमेरिकन गायिका, जॅझची दहा गाणी, मागे पियानो, बास आणि अगदी हलक्या हाताने वाजवलेले ड्रम. रेकॉर्ड आली, पण ती वाजवायला घरात काहीच नव्हतं. आजोबांनी कुणाकडून तरी जुना प्लेअर आणला. त्याच्या मोटारीवरची छोटी पितळी पुली तडकलेली होती. आजोबा तेव्हा धुळ्यात पॉलिटेक्निकला शिकवत. त्यांनी त्या पुलीचं माप घेतलं, कागदावर रेखीव चित्र काढलं आणि पंपांचे भाग करणाऱ्या एका लेथवाल्याकडून तशीच नवी करवून घेतली. "सर, इतकं बारीक माप आम्हाला पंपालाही कोणी देत नाही," असं तो मिस्त्री म्हणाला होता. आजोबा हे अजूनही पाहुण्यांना सांगतात.

रेकॉर्ड फिरू लागली आणि खोल, जड, थकल्यासारखा आवाज घरात पसरला. माझ्या सासूबाई गहू निवडत होत्या. थोडा वेळ ऐकून त्यांनी मला विचारलं, "हाई बाई गाई ऱ्हायनी का रडी ऱ्हायनी?" मी म्हटलं, "गातेय, आई." "मंग तिले जेवाले घाल," त्या म्हणाल्या.

मला तो आवाज फार आवडे. कॉलेजात मी गात असे, बक्षिसंही मिळाली होती. आमच्या महिला मंडळाने वार्षिक कार्यक्रमात माझं एक इंग्रजी गाणं ठेवलं. रोज दुपारी मी रेकॉर्डबरोबर म्हणून पाहू लागले. वरचे सूर जमत. ओळीच्या शेवटी ती बाई खाली उतरली की माझा आवाज नाहीसाच व्हायचा, नुसते ओठ हलायचे. पंधरा दिवस प्रयत्न केला. मग मंडळात सांगितलं की माझा गळा पातळ आहे, मला जमणार नाही. त्या वर्षी मी निवेदन केलं आणि पुढची सगळी वर्षं निवेदनच करत राहिले. तुमच्या बाबाला निजवताना मी गोष्टी सांगितल्या, अंगाई म्हटली नाही.

म्हणून तुमच्या पार्सलमधली चिठ्ठी वाचून मी ती घडी करून पुस्तकात ठेवून दिली. "आजी, यातलं एक तरी गाणं म्हणून पाठव. बाबा म्हणतो, त्याने तुला गाताना कधी ऐकलंच नाही."

नवी रेकॉर्ड लावली. खरखर गेली होती, बासची तार बोटाखाली दबलेली कळत होती, शेवटी चार जादा गाणी होती. आवाज मात्र तोच, खोल आणि जड. सोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की गाणी ध्वनिमुद्रित झाली तेव्हा गायिका सव्वीस वर्षांची होती. मी तिला पन्नाशीची समजत आले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी, तुम्ही सांगितल्याप्रमाणे, तोच अल्बम फोनवर लावला. एक तरणी, चपळ मुलगी गाऊ लागली.

"फोन घाईत आहे," आजोबा म्हणाले.

"फोनला कसली घाई?"

"आजकाल सगळ्यालाच असते. आपला प्लेअर बघ, कसा शांत चालतो."

पण मास्तर माणूस. कागदाचा एक कपटा त्यांनी रेकॉर्डच्या कडेला ठेवला, मला घड्याळ धरायला लावलं आणि मिनिटभर फेरे मोजले. साडेतीस भरले. हवे होते तेहतीस आणि वर एक तृतीयांश. रेकॉर्ड हळू फिरत होती, म्हणून आवाजही खाली उतरत होता. पुन्हा मोजले, तिसऱ्यांदा मोजले. मग खुर्चीत बसले.

"ती पुली तडकलेली होती, तशी झिजून बारीकही झाली होती," ते म्हणाले. "मी झिजलेलं माप घेतलं. आणि ते बरोबर घेतलं."

मी चहा टाकला. पन्नास वर्षांत त्यांना हे कळलं नाही, कारण ताडून पाहायला ओळखीच्या गाण्याची दुसरी रेकॉर्डच घरात नव्हती. बाकीची गाणी आम्ही रेडिओवर ऐकत होतो. चहा घेता घेता त्यांनी विचारलं, "मंडळाच्या कार्यक्रमात तू गायली नाहीस, ते यामुळे?"

नाही म्हणणं सोपं होतं. त्यांचं वय ऐंशी आहे आणि ती पुली त्यांचा अभिमान आहे. पण इतकी वर्षं मी स्वतःबद्दल एक खोटं खरं मानत होते, त्यात आणखी एकाची भर नको वाटली.

"हो," मी म्हटलं. "त्या बाईचा खरा सूर माझ्या गळ्याला बसणारा होता."

त्यांनी बशी खाली ठेवली. कपाटातून चिकटपट्टी आणि कात्री काढली. पुलीवर दोन वेढे दिले की ती तेवढी जाड होईल, रेकॉर्ड नीट फिरेल आणि मला गाता येईल, असा हिशेब त्यांनी मांडला. मी तोवर फोनवरच्या मुलीबरोबर हळूच म्हणून पाहत होते. वर गेलं की आवाज फाटत होता. पंचाहत्तरीचा गळा खाली उतरला आहे.

"राहू द्या," मी म्हटलं. "पुली आहे तशीच असू द्या."

"अगं, पण ती चुकीची आहे."

"असू दे. आता तीच माझी पट्टी आहे."

जुनी रेकॉर्ड लावली. पहिल्या ओळीच्या शेवटी ती खाली उतरली, मीही उतरले, आणि आवाज राहिला. आजोबा कात्री हातात घेऊन उभे होते. गाणं संपल्यावर म्हणाले, "दुसऱ्या कडव्यात तू तिच्या पुढे गेलीस."

"मग परत घेऊ," मी म्हटलं. "फोन धरा."

तुम्हाला पाठवलं आहे ते तिसऱ्या वेळचं. त्यात शेवटी जे खोकतात, ते आजोबा.