बाळंतिणीची कोरडी बिस्किटं

सौदीतल्या दम्माममधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी बाळंत झालं की ते आधी लिफ्टला कळतं. लिफ्टमध्ये तुपाचा वास सुटतो. मग समजायचं, मराठी बायकांचे डबे निघाले. अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, आणि प्रत्येकीचं ठाम मत असं, की बाकीच्यांनी तुपात हात आखडला आहे. बाळंतीण बिचारी एकटी. ती एवढं खाणार कधी आणि पचवणार कधी, हा प्रश्न कुणाला पडत नाही. शेवटी ते लाडू नवरा खातो. तीन महिन्यांनी दोघांकडे पाहिलं, तर बाळंत नक्की कोण झालं असा संशय यावा.

मी या लाडूवाल्या कंपूतली नाही. नवऱ्याच्या इकाम्यावर, म्हणजे त्याच्या राहण्याच्या परवान्यावर, इथं आलेल्या बायका डिग्री कपाटात ठेवून जे करतात तेच मी करते. घरी केक करून विकते. मध्यंतरी बायकांच्या ग्रुपवर ‘लॅक्टेशन कुकीज’चं खूळ आलं, म्हणजे दूध वाढावं म्हणून बाळंतिणीनं खायची बिस्किटं. मॉलमध्ये त्यांची गुळगुळीत पाकिटं मिळायची, आत ओट्स आणि जवस. जवसाची चटणी आजन्म नाकारणाऱ्या बायका ते पाकीट देवघरात ठेवावं तसं फ्रिजवर ठेवायला लागल्या. मला हसू आलं आणि धंदाही दिसला. मी ओट्समध्ये नाचणी, भिजवलेले अळीव आणि खजूर घालून माझी स्वतःची बिस्किटं सुरू केली. दूध वाढतं की नाही, हे मी कधी छातीठोकपणे सांगितलं नाही. बाळंतिणीला उभ्याउभ्या, एका हातानं खाता येतं एवढा गुण मला पुरेसा होता.

तिसऱ्या मजल्यावरची मुलगी माझ्याकडे आली ती अशाच बिस्किटांसाठी. तिला माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपणाला कराडकडच्या खेड्यातून सासू व्हिजिट व्हिसावर आली होती. बाळ दीड महिन्याचं. ते पोट आवळून तासन्‌तास रडायचं आणि त्याच्या शीमध्ये रक्ताचे धागे यायचे. डॉक्टरनं सांगितलं होतं, की गाईचं दूध बाळाला सोसत नाही आणि ते आईच्या अंगातून त्याच्यापर्यंत पोचतंय. तेव्हा आईनं दूध, दही, लोणी, तूप सगळं बंद करायचं. पुढच्या खेपेपर्यंत रक्त थांबलं नाही तर अंगावरचं दूध सोडून डब्याचं खास दूध सुरू करायचं. हे शेवटचं वाक्य सांगताना ती रडायला लागली.

“मला त्याला पाजायचंय, ताई,” ती म्हणाली. “बाकी काहीच मला धड जमत नाहीये. तेवढं एक जमतंय.”

तिचा नवरा तेलकंपनीत इंजिनियर. त्यानं बायकोला दुधाच्या ऍलर्जीवरचे चार व्हिडिओ फॉरवर्ड केले आणि बापाचं कर्तव्य संपवलं.

मी कामाला लागले. दुधाशिवाय बिस्किट करणं अवघड नाही, अवघड असतं ते पाकिटांतून दूध हुडकणं. चॉकलेटात दूध, मार्गारीनमध्ये दूध, खारट वेफर्समध्येसुद्धा दुधाची पावडर. इतकी वर्षं इथं राहून मला एकच अरबी शब्द नीट वाचता येतो, हलीब, म्हणजे दूध. बकाल्यात, म्हणजे इथल्या वाण्याच्या दुकानात, पाकिटं उलटीपालटी करत मी तो शोधत बसायचे आणि दुकानदार मला कस्टमची बाई समजून चहा विचारायचा. शेवटी लोण्याच्या जागी इथली तिळाची ताहिनी आणि थोडं खोबरेल घातलं. मी रत्नागिरीकडची, मला खोबरेल पोटात घालायचं भय नाही. बिस्किटं खरपूस झाली. डबा भरून मी तिसऱ्या मजल्यावर गेले.

सासू लिफ्टमधल्या गारठ्यासाठी सुनेचा अबाया, म्हणजे इथला काळा पायघोळ झगा, शालीसारखा अंगावर घ्यायची आणि घरातही तो काढायची नाही. त्या अवतारात तिनं डबा उघडला, वास घेतला आणि विचारलं, कशात भाजलंय. मी सांगितलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बाळंतिणीला शांपू पाजायला आणलाय. केसाला लावायचं तेल तुम्ही कोकणातली माणसं खाता हे ऐकून होते, म्हणाली, आज बघितलं. बिस्किटावर कुठं बाळंतपण होतं का, हेही तिनं विचारलं. सून मान खाली घालून बाळाला थोपटत होती. तिकडच्या रीतीप्रमाणे ती सासूला आत्या म्हणायची आणि आत्यासमोर तोंड उघडायचं नाही, हीही बहुधा तिकडचीच रीत असावी.

दारापर्यंत सोडायला आली तेव्हा सून माझ्या कानाशी कुजबुजली. रक्ताचं आत्यांना सांगू नका. त्यांना फक्त ऍलर्जी म्हणून सांगितलंय. रक्त कळलं तर म्हणतील तुझंच दूध वाईट आणि बाळाला माझ्यापासून तोडतील. डायपर ती स्वतः बदलायची आणि पिशवीत गुंडाळून कचऱ्यात टाकून यायची. मला ते पटलं नाही, पण घर तिचं होतं.

बिस्किटं रोज जात राहिली आणि बाळ रोज रडत राहिलं. मग ग्रुपवर पहिली कुजबुज आली. नाव न घेता, पण मलाच कळेल अशी. बाहेरचं खाऊन बाळाला त्रास होतोय म्हणे. ओट्स गरम पडतात म्हणे. एकीनं तर लिहिलं, की आपल्या आज्या काय वेड्या होत्या का? तिची स्वतःची आजी पुण्यात डालडा खाऊन नव्वदीपर्यंत जगली हे मला ठाऊक होतं. मी उत्तर दिलं नाही, पण माझा पारा चढला होता. डॉक्टरची पुढची तारीखही जवळ येत होती.

त्याच आठवड्यात मी एका दुपारी न सांगता वर गेले. सून पलंगावर पाजत बसली होती. तिच्यापुढच्या ताटलीत माझी बिस्किटं होती, आणि ती चमकत होती. प्रत्येकाच्या मधोमध बोटानं खळगा केलेला आणि खळग्यात तूप. शेजारी वाटी, वाटीतही तूप. आत्यांना नाही म्हणता येत नाही म्हणून सून ते रोज खात होती. माझ्या बिनदुधाच्या बिस्किटाची त्या बाईनं पुरणपोळी केली होती.

मी काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. सासू मात्र शांत होती. बाळंतिणीला कोरडं घालायचं नसतं, एवढंही तुम्हाला शिकवलं नाही का, असं तिनं मलाच विचारलं. डॉक्टरनं तूप बंद सांगितलंय म्हटलं, तर तूप म्हणजे दूध नव्हे म्हणाली. आणि मग तिनं हुकमी पत्ता टाकला.

“डॉक्टरीण गाईचं बाधतं म्हनली न्हवं? ही किटली मी घरनं आनलीया. आमच्या म्हशीचं तूप हाय हे.”

विमानातून, लुगड्यांत गुंडाळून, कस्टमच्या मशीनखालून तिनं ती किटली आणली होती. घरच्या तुपात दुधाचा अंश राहतोच आणि गाईचं बाधतं तिथं म्हशीचंही बाधतं, असा वाद घालायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात सून उठली. बाळाला माझ्याकडे दिलं, बाथरूममध्ये गेली आणि पिशवी घेऊन आली. आतला डायपर तिनं उघडला आणि सासूसमोर, तुपाच्या वाटीशेजारी ठेवला.

“बघा, आत्या,” ती म्हणाली. “रोज असं होतं.”

मी सासूच्या आरडाओरड्याची तयारी ठेवली होती. दूध वाईट, कपाळ वाईट, सून वाईट, हे सगळं येणार म्हणून उत्तरंही जुळवून ठेवली होती. पण त्या रक्ताकडे बघत ती खाली बसली आणि तिनं तुपाची वाटी दूर सारली.

“माझ्याबी पोराला असंच व्हायचं,” ती म्हणाली. “हाच की, हिचा नवरा. घरच्यांनी माझं दूध नासकं ठरवलं. पोराला उचललं आन्‌ माझ्या जावंच्या अंगावर दिलं. तिला तिसरी पोरगी झालेली, तिला कोन तूप घालतंय? कोरडी भाकरी खायची ती. तिचं दूध त्याला सोसलं. मला मातर दूध सुधरावं म्हनून रोज वाटी वाटी तूप. दूध आटलं तरी तूप चालूच.”

मुलगा मग जावेलाच आई म्हणायला लागला. हिला दीर वहिनी म्हणायचे, ते ऐकून तोही वहिनी म्हणतो, अजून. हे ती तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती. आमच्या घरात हाक मारायची पद्धत अशी आहे, एवढंच सांगावं तसं सांगितलं. मग सुनेकडे वळली.

“तुझ्या दुधाला कुनी नाव ठेवू नये म्हनून घालत हुते गं.”

सून तिच्याजवळ बसली. मला तेव्हा त्या बाईची फार दया आली आणि माझी सगळी जुळवलेली उत्तरं तशीच गिळावी लागली. किटली तिनं स्वतःच्या हातानं बंद करून कपाटावर ठेवली. दुसऱ्या दिवसापासून ती माझ्या ओट्यापाशी उभी राहायला लागली. खजूर नीट वाटला नाही, नाचणी आधी भाजायला हवी होती, खोबरेलाचा वास तर जन्मात जाणार नाही, अशी तिची बडबड सुरू असायची आणि हात भराभर चालायचे. तिच्या हातची बिस्किटं माझ्याहून चांगली व्हायला लागली, हे मी ग्रुपवर कधी कळू दिलं नाही.

रक्त हळूहळू कमी होत थांबलं. डॉक्टरकडे जायच्या दिवशी सुनेच्या नवऱ्याला मीटिंग होती, त्याला नेहमीच असते. म्हणून माझ्या गाडीतून आम्ही गेलो. डॉक्टर इजिप्तची, पोक्त बाई. तिनं बाळाचं वजन केलं, पोट दाबून पाहिलं आणि म्हणाली, दूध सोडायची गरज नाही, असंच पाजत राहा. सुनेनं बाळाला उराशी घट्ट धरलं. मी उठणार, तोच सासूनं माझा हात धरला.

“इचार तिला. त्या वक्ताला माझं दूध चांगलं हुतं का?”

मी इंग्रजीत विचारलं. डॉक्टरला वाटलं, मी भाषांतरात काहीतरी गोंधळ घालतेय. कोणतं बाळ, तिनं विचारलं, किती महिन्यांचं? मी म्हटलं, बाळ चौतीस वर्षांचं आहे आणि आत्ता मीटिंगमध्ये आहे. मग सगळं सांगितलं, तूप आणि जाऊ आणि कोरडी भाकरी. डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. सासूचा हात हातात घेऊन ती अरबीत काहीतरी म्हणाली आणि नंतर मला इंग्रजीत. ऐकल्यावरून तरी हेच दुखणं वाटतंय, आणि तसं असेल तर ते दुधातून जाणाऱ्या तुपाचं होतं. दूध स्वतः चांगलं होतं. बाळाला काढून घ्यायचं कारण नव्हतं.

मी ते जसंच्या तसं मराठीत सांगितलं. सासू नुसती मान हलवत राहिली.

घरी मुलगा मीटिंग आटोपून सोफ्यावर फोन बघत पडला होता. काय म्हणाली डॉक्टर, वहिनी, असं त्यानं मान वर न करता विचारलं. पोरगं बरं हाय, ती म्हणाली, हिचं दूध चांगलं हाय. जरा थांबून पुढं म्हणाली, “माझंबी हुतं.” तो हं म्हणाला आणि जेवायला काय आहे ते विचारलं. मला त्याचा फोन खिडकीतून खाली भिरकावावासा वाटला. पण सून पुढं झाली. तिनं तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि बाळ त्याच्या मांडीवर दिलं.

“आत्या काय म्हणाल्या ते ऐकलं नाहीत तुम्ही,” ती म्हणाली. “परत विचारा.”

त्यानं बावरून विचारलं. सासू आत निघाली होती, ती वळली.

“माझं दूध चांगलं हुतं, म्हनलं. तुला मीच पाजलं असतं.”