मधले काढलेले काप

"गेली गा... शांतपणे गेली. शेवटपर्यंत तिले काही कळू नाही दिलं आपण."

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या लॅबमध्ये मुलांची प्रॅक्टिकल घेत होतो. बहीण गेल्याचं ऐकून माणसाला रडू यायला हवं. मला मात्र त्या वाक्यातला 'आपण' तेवढा ऐकू आला, आणि हातातला फोन भिंतीवर फेकावासा वाटला. नंतरचे कित्येक दिवस हेच वाक्य मी धरमपेठेतल्या त्यांच्या घरी ऐकत राहिलो. भेटायला येणारे चपला काढून आत यायचे, फोटोला हात जोडायचे, बसायचे. मग भाऊजी ते वाक्य म्हणायचे आणि समोरचा मान हलवायचा. "बरं केलं तुम्ही. बिचारीले त्रास नाही झाला." मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकायचो. कोणी माझ्याकडे वळून "भाऊ म्हणून तुम्हीही लई सांभाळलं" असं म्हणे, तेव्हा मी पाणी आणायच्या निमित्तानं उठायचो.

आता ती जाऊन दीड-दोन महिने होत आले. लोकांचं येणं थांबलं आहे आणि माझा राग अजून तसाच आहे, म्हणून हे लिहितो आहे. भाऊजी वाचतील, रागावतील. रागावोत.

कुंदाताई माझ्यापेक्षा बरीच मोठी. आमचं बालपण रामटेकचं. लग्नानंतर ती नागपूरला आली आणि तिथल्या महाल भागातल्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवू लागली, ती थेट निवृत्त होईपर्यंत. वर्गात शुद्ध पुस्तकी मराठी आणि घरात पाय ठेवला की आमची रामटेकची बोली, असा तिचा खाक्या होता. देठांचे आणि मुळांचे काप घ्यायला शिकवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. दाढीचं ब्लेड, हातात कोवळं देठ, आणि बोटांना जवळजवळ न कळणारी हालचाल. आडवा छेद, उभा छेद. मुलं जाडजूड, फाटलेले काप गुपचूप खिशात घालत आणि चांगला तेवढा एक दाखवत. ती खिसे उलटे करायला लावायची. "मला सगळे दाखवायचे. मधला एक जरी लपवलात तर देठ कसं आहे ते मला कळणार कसं?" माझ्या कम्प्युटरच्या नोकरीची तिला फारशी किंमत नव्हती. "तुह्या पोट्ट्यांच्या हाताले माती लागते का कधी?" असं ती विचारायची आणि मी हो म्हणालो की हसायची. "लागते म्हणे! कीबोर्डवरची धूळ लागत असन."

गेल्या उन्हाळ्यात तिचे शब्द चुकू लागले. "तो खडू इकडे घे," असं ती खुर्ची दाखवून म्हणाली तेव्हा आम्ही सगळे हसलो, तीही हसली. शाळा सुटली तरी खडू सुटला नाही म्हणून भाऊजींनी तिला चिडवलंही. मग एकदा फोनवर तिला स्वतःच्या मुलीचं नाव पटकन आठवेना, आणि कोणी हसलं नाही. डोक्याचा स्कॅन झाला. डॉक्टरांनी भाऊजींना आणि मला केबिनमध्ये बोलावलं. जिच्या डोक्याचा स्कॅन होता ती बाहेर बाकावर, मांडीवर पर्स घेऊन, गाडीची पार्किंगची चिठ्ठी सांभाळत बसली होती. गाठ डाव्या बाजूला, भाषेच्या जागेला लागून. वाईट जातीची. काढण्यासारखी नाही, किरणांचा शेक देऊन थोडा वेळ मिळेल, पण बोलणं आधी जाईल. आणि मग डॉक्टर म्हणाले, "पेशंटला किती सांगायचं ते तुम्ही ठरवा." आम्ही? मला आजही कळत नाही की हा अधिकार त्यांनी कोणाच्या खिशातून काढून आमच्या हातात ठेवला. त्या क्षणी मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे जास्त वाईट.

पार्किंगमध्ये भाऊजींनी माझा दंड धरला. "तिले सांगायचं नाही. सूज हाये म्हणू. आणि रेणूलेही नाही. पोरगी एकदम जर्मनीहून आली तर हिले संशय येईन." त्यांच्या आईला तिचा आजार कोणीतरी सांगितला होता आणि त्या दिवसापासून तिनं अन्न सोडलं होतं. ते त्यांनी पाहिलं होतं. त्यांची भीती खरी होती, हे मी मान्य करतो. पण भीती खरी असली म्हणून कोणाचं उरलेलं आयुष्य तिच्या नकळत आपण वापरून टाकायचं का?

ताईला मात्र कुतूहल. "माह्या डोक्याची सीडी दिली ना त्यांनी? मले पाहाचं हाये. जन्मभर दुसऱ्याचे छेद पाहिले." भाऊजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "दाखव तिले, नाही तर ती दुसऱ्या कोणाकडून पाहीन. फक्त ते नको दाखवू."

इथे थोडं समजावून सांगायला हवं. असा स्कॅन म्हणजे डोक्याच्या पातळ कापांची एक चवड असते, पावाच्या कापांसारखी. पायथन या कम्प्युटरच्या भाषेत लिहिलेला छोटासा प्रोग्रॅम ती सगळी चवड एकत्र वाचतो, तिचा आकड्यांचा एक ठोकळा तयार करतो आणि आपण मागू तो काप करड्या रंगात पडद्यावर काढतो. खाली एक पट्टी असते, ती माऊसनं सरकवली की हनुवटीपासून टाळूपर्यंत एकेक काप समोरून जातो. ठोकळा पूर्ण असल्यामुळे तो उभाही कापता येतो. मुलांना मी हेच शिकवतो. त्या दिवशी मी त्यात एक ओळ वाढवली. गाठ आणि तिच्या आजूबाजूची सूज जिथे दिसत होती ते काप ठोकळ्यातून काढून टाकायचे आणि उरलेले दोन भाग एकमेकांना चिकटवायचे. एका ओळीत काम झालं. पट्टी सरकवून पाहिली, उडी जाणवत नव्हती. आणि मला, लिहायला लाज वाटते, मला बरं वाटलं. काहीतरी सफाईनं जमल्यासारखं.

दुपारी कूलर लावून आम्ही माझा लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसलो. ताईनं चष्मा पुसला, माऊस माझ्या हातून काढून घेतला आणि पट्टी सावकाश सरकवू लागली. इतकी खूश मी तिला कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती. "हे डोळे का? काकडीच्या चकत्या दिसून राहिल्या." "हा कान." "हे आतलं अक्रोडासारखं... हे मी." टाळूपर्यंत गेली, परत खाली आली. मग म्हणाली, "आता उभा छेद दाखव."

मी बटण दाबलं. विचारच केला नाही. पडद्यावर तिचा चेहरा बाजूनं आला. हनुवटी, ओठ, नाक, सगळं जागेवर, आणि नाकाच्या मुळाशी एक आडवी रेघ. रेघेच्या वर एकदम कपाळ बसवलेलं, आखूड, मागची कवटी पायरीसारखी तुटलेली. पावाचे मधले काप काढून दोन तुकडे जोडले तर वरून कळत नाही, पण उभी सुरी घातली की जोड दिसतोच. इतकी साधी गोष्ट मी विसरलो होतो, आणि समोर बसली होती ती बाई आयुष्यभर हेच शिकवत आली होती.

"माह्यं डोकं इतकं बुटकं हाये का गा?"

"माप चुकलं असेल, ताई."

"माप चुकलं असतं तर नाकही बसकं दिसलं असतं. नाक बरोबर हाये. मधला भाग कुठी गेला?"

आतून भाऊजींनी हाक मारली, "अवं, चहा टाकू का?"

"राहू द्या," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "मधले काहून काढले? ... हे पाह्य. काही असन तर मले आत्ता सांग. तिकडे रेणूचा प्रबंध चालू हाये, नुसत्या अंदाजावर मी पोरीले सगळं सोडून ये म्हणणार नाही. पण खरं असन तर आजच बोलावते. मले तिच्याशी बोलाचं हाये. बोलता येते तोवर."

सगळं तिनंच मांडून ठेवलं होतं. मला फक्त एक शब्द बोलायचा होता.

"प्रोग्रॅममध्ये चूक आहे, ताई. फाइल वाचताना काही काप गळाले."

"नक्की?"

"नक्की."

"माह्या तोंडाकडे पाहून सांग."

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि सांगितलं. तिनं चष्मा काढला, टेबलावर ठेवला. "मग ठीक हाये. तू म्हणतोस तर ठीक हाये." संध्याकाळी तिनं माझ्यासमोरच रेणूला फोन लावला. "तुह्या मामानं माह्यं डोकं आतून पाहिलं वं. काही नाही म्हणते. रिकामंच हाये! तू आपलं लिहिणं पूर्ण कर."

तेव्हा भाऊजी म्हणतात ते खरं आहे. तिला कळू दिलं नाही. ते काम मी केलं. डॉक्टरांवर तिचा विश्वास नव्हता, नवरा भित्रा आहे हे तिला माहीत होतं, म्हणून तिनं मला विचारलं. लोक याला सांभाळणं म्हणतात. मला त्या शब्दाची चीड येते. रोज शाळेत पोरांचे खिसे तपासणाऱ्या बाईला आम्ही बापे लोकांनी पार्किंगमध्ये उभं राहून लहान मूल ठरवून टाकलं, आणि वर तिच्या शांत मरणाचं श्रेय वाटून घेतो आहोत.

गणपतीत रेणूनं मला फोन केला. "मामा, आई खूप शब्द विसरते आहे. मी येऊ का?" मी म्हणालो, "सूज उतरली की येतील शब्द. तू घाई करू नकोस." म्हणजे एकदा खोटं बोलून भागलं नव्हतं. दिवाळी झाली आणि ताईजवळ मोजके शब्द उरले, तेही जागा सोडून येणारे. तेव्हा भाऊजी म्हणाले, "आता बोलावू रेणूले. आता काही हिले संशय येणार नाही." अंगावर धावून जावं असं वाटलं. आणि मग मीच मुकाट्यानं रेणूला फोन लावला.

रेणू आली त्या दुपारी ताई उशीला टेकून बसली होती. मुलीला तिनं लगेच ओळखलं, त्यात शंका नाही. तिचा हात घट्ट धरला आणि सांगू लागली. "खडू... तो खडू ना... तू खडू..." डोळे पूर्ण जागे, चेहऱ्यावर नेहमीची शिकवतानाची आठी, आणि तोंडातून फक्त तो एक शब्द. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, पुन्हा तिथेच येऊन अडायची. गादीवर मूठ आपटायची. भाऊजी म्हणाले, "पाणी मागून राहिली ती," आणि पेला पुढे केला. तिनं तो हातानं उडवला. "बाबा, तिला पाणी नको आहे!" रेणू ओरडली. "ती माझ्याशी बोलते आहे!" मी दारात उभा होतो. ताईची नजर माझ्या खांद्यावरच्या लॅपटॉपच्या बॅगेवर गेली आणि तिथेच थांबली... मग तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यानंतर मी भरवायला बसलो की ती ओठ मिटून घ्यायची. भाऊजी म्हणत, समजत नाही आता तिला. मला तिचं न खाणं चांगलं समजत होतं.

रेणू अजून इथेच आहे, परत जायचं लांबवते आहे. मागच्या आठवड्यात तिनं मला ताईच्या खोलीत बोलावलं. कुठून तरी तिला उन्हाळ्यातल्या स्कॅनचा कागद मिळाला होता. "मामा, फाइल तुमच्याकडे आहे ना? पूर्ण आणा." मी ती ओळ काढून टाकली आणि नेली. ताईनं उभा छेद मागितला त्या दुपारी काय झालं तेही सगळं सांगितलं. माझं सांगून झाल्यावर तिनं पट्टी सरकवायला घेतली, आणि ते पांढुरकं, कडा विस्कटलेलं जे काही होतं तिथे येऊन थांबली.

"हे दिसत होतं तेव्हा आई बोलत होती."

"हो."

"रोज बोलायची माझ्याशी. आमटीत गूळ किती घालायचा, खिडकीत तुळस कशी जगवायची. वेळ आहे असं समजून बोलायची." तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "मी आले त्या दिवशी ती काय सांगत होती?"

हा प्रश्न तिनं सगळ्यांना विचारला आहे, मला माहीत आहे. भाऊजी म्हणाले, सुखी राहा म्हणत असन. शेजारच्या काकू म्हणाल्या, बाबाले सांभाळ म्हणत असन, दुसरं काय सांगते माय. "माझी आई असं बोलायची नाही," रेणू म्हणाली. "तिच्या डोक्यात काहीतरी नेमकं होतं. तुम्ही दारात होतात, मामा. तुम्हाला काय वाटलं?"

काहीतरी गोड सांगता आलं असतं. तिला ते हवंही असेल, असं क्षणभर वाटलं. ताईसमोर मी याच घरात, अगदी असाच बसलो होतो.

"मला माहीत नाही, रेणू," मी म्हणालो. "आणि ते आता कोणालाच कळणार नाही. ते आम्ही घालवलं."

तिनं मान हलवली. मला क्षमा केल्याची ती खूण नव्हती, आणि मी ती मागितलीही नाही. बाहेरून भाऊजींनी चहाला हाक मारली. आम्ही दोघंही उठलो नाही. रेणूनं खुर्ची टेबलाच्या आणखी जवळ ओढली आणि आईच्या डोक्याचा पुढचा काप पडद्यावर काढला.