छतावरचं सोलर आणि आमची खाली गेलेली मान

छतावर सोलर बसवून ते विजेच्या लाइनला जोडून द्यायचं, हा आमचा मीरा रोडचा धंदा. मी इंजिनियर, महाडिकसाहेब मालक, आणि विकायलाही तेच जातात. या धंद्यात किस्से आपोआप साठत जातात. वाईट एवढंच, की हसं दरवेळी आमचंच होतं!

*

पेणकरपाड्याच्या एका सोसायटीत उद्घाटन होतं. "सगळे घरी असतात," म्हणून महाडिकांनी वेळ दिली संध्याकाळी साडेसातची. चेअरमननी फीत कापली, सोलरची वीज लाइनला देणाऱ्या इन्व्हर्टरचं बटण दाबलं. इन्व्हर्टर ढिम्म! मी इंजिनियर असून माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. पहिल्या रांगेतले शहाकाका शांतपणे म्हणाले, "भाई, सूरज को न्योता नहीं दिया क्या?"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी परत घाट घातला. पण इन्व्हर्टर जोडून घेण्याआधी काही मिनिटं लाइनचा व्होल्टेज तपासत बसतो, हे आम्ही कुणाला सांगितलंच नव्हतं. टाळ्या संपल्या, पेढे संपले, माणसं कामाला गेली. मग 'टक्' झालं. बघायला वॉचमन आणि आम्ही दोघं!

*

डोंगरी गावातल्या एका घरातून लाइनवर जास्तीची वीज जाईना. मी ऑफिसात बसून मोबाइलवर आकडे बघितले आणि सांगून टाकलं, "इन्व्हर्टर गेला." नवीन बसवला, तरी तेच! शेवटी छतावर चढलो, तर पॅनेलवर जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, वाळत घातलेला. घरातल्या मावशी उलट मलाच म्हणाल्या, "तूच बोललास ना, हितं ऊन सगल्यांत जास्त हाय!"

*

तारोडीच्या हिराबायना महाडिकांनी सोलर विकलं ते एका वाक्यावर, "मावशी, लाइट जाणारच नाही!" मुलीच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी, भर उन्हात, गावाची लाइट गेली. सोलरही बंद. पाहुण्यांसाठी आणलेलं पापलेट फ्रीजरमध्ये, आणि फ्रीजरचं पाणी दारापर्यंत आलेलं. आम्ही धावत गेलो.

मी खाली मान घालून समजावलं, "लाइन बंद असताना आपली वीज तिकडे गेली, तर खांबावरचा वायरमन मरेल. म्हणून मशीन स्वतःच बंद होतं."

समोरच्या खांबावर खरोखरच वायरमन चढला होता. हिराबाय त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पापलेट काढलं, तळलं, वायरमन खाली उतरल्यावर त्याला आणि आम्हालाही जेवायला बसवलं.

महाडिकांच्या ताटात सगळ्यांत मोठा तुकडा वाढत त्या म्हणाल्या, "खा. वर मानूस असला की बंद होते, येवढाच इकताना सांगला असतास. तरी मी घेतला असता."