रॉमखालचा ढावलो

धनसिंग राठोड मास्तरांना त्यांची हुशारीच नडली. निवृत्तीनंतर हा माणूस आर्णीजवळच्या तांड्यावर सोयाबीन पिकवतो, पण जीव अडकलाय तो शाळेने भंगारात काढलेल्या आठ-बिटी कॉम्प्युटरमध्ये. टीव्हीला जोडायचा, कॅसेटवरून चालवायचा.

पस्तीस वर्षांपूर्वी मास्तरांनी त्यात आपल्या याडीचा, म्हणजे आई मोतीबाईंचा, ढावलो टाइप करून उतरवून घेतला होता. तांड्यावरची नवरी सासरी निघताना गळ्यात पडून रडत गाते, तो ढावलो. मोतीबाईंचा स्वतःचा होता, दुसऱ्या कुणाला येत नव्हता, आणि मोतीबाई आता नाहीत. पुतणी जयाला लग्नात नेमका तोच हवा होता. "आजीचाच पाह्यजे, काका. मोबाईलवरचा नोको मले."

सरळ साठवला असता तर प्रश्नच नव्हता. पण निकालपत्रकाच्या प्रोग्रामने जागा व्यापलेली, म्हणून मास्तरांनी ढावलो रॉमखाली घातला. रॉम म्हणजे कंपनीने कायमचे कोरलेले हुकूम. या यंत्राची खोड अशी, की रॉमच्या जागेच्या पत्त्यावर लिहिलं तर ते खालच्या मेमरीत जातं आणि वाचायला गेलं तर वरचा रॉमच समोर येतो. खालचं वाचायला आधी रॉम बाजूला सारावा लागतो. या चोरकप्प्याचा मास्तरांना तेव्हा कोण अभिमान होता.

हळदीच्या सकाळी त्यांनी ढावलो जपलेली एकुलती कॅसेट लावली; ती त्याला थेट रॉमखालीच भरायची. ढावलो शेवटच्या अक्षरापर्यंत आत गेला आणि उलटी फिरवताना जुनाट फीत गुंतून तिचे तुकडे झाले. मास्तर घाबरले नाहीत, गाणं आत आलं होतं. त्यांनी रॉम सारायचा हुकूम दिला. रॉम हलेना. त्याला हलवणारी चिपच मेली होती. दुपारपर्यंत त्यांनी एकेक पत्ता वाचून पाहिला. दरवेळी कंपनीचेच आकडे.

"हाये ना आत?" जयानं विचारलं.

"हाये. पुरा हाये."

"मंग दिसून काहून नाही राह्यला?"

मास्तरांनी पुन्हा पहिला पत्ता टाइप केला.

बंद केलं की आतलं सगळं पुसलं जाणार, म्हणून दुसऱ्या दिवशी यंत्र तसंच चालू ठेवून ते मांडवात गेले. सासरी निघताना जया त्यांच्या गळ्यात पडली. कानाशी म्हणाली, "एक ओळ तरी सांगा, काका. तुमीच तं लिवला होता."

अक्षर न् अक्षर त्यांनीच टाइप केलं होतं. याडी गायला लागली की ते तिला थांबवायचे, "गाऊ नको, एकेक शब्द सांग." त्या नादात त्यांनी तो गाणं म्हणून एकदाही ऐकला नव्हता.

मास्तरांनी तोंड उघडलं. जया वाट पाहत राहिली. बाहेर गाडीवाल्याने दुसऱ्यांदा हॉर्न दिला, तरी त्यांना पहिला शब्द सापडला नव्हता.