क्षितिजावर वाळत घातलेले कपडे

बाबांनी आयुष्यभर समुद्र रंगवला, आणि तोही कसा, तर वर्गात शिरलेल्या मुख्याध्यापकासारखा गंभीर. खवळलेल्या लाटा, दूरवर एक शीड, माणूस औषधालाही नाही. त्यांची लेकही समुद्रच रंगवते. पण तिच्या लाटांवर सोफा तरंगतो, सोफ्यावर पाय पसरून आत्या मोजे विणत बसलेली असते, आणि दीपगृहाच्या जिन्यात कुणीतरी सायकल लावून गेलेलं असतं. ब्रश हातात घेतला की तिला आतून गुदगुल्याच होतात. एकटीच इतक्या मोठ्याने हसते की शेजारीण भिंत ठोकते.

फक्त बाबांना ती चित्रं दाखवायचा धीर तिला झाला नव्हता. ही आपल्या समुद्राची टर उडवतेय, असं त्यांना वाटलं तर? या भीतीने तिने सहा वर्षं सगळे कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवले. आणि बाबांना न कळवता भरवलेल्या तिच्या प्रदर्शनाच्या पहिल्याच सकाळी आत्याने, कुणी न सांगता, बाबांना इस्त्रीचा शर्ट घालायला लावून हॉलमध्ये आणून उभं केलं.

बाबा थेट सर्वांत मोठ्या चित्रापुढे गेले. त्यात क्षितिजाची दोरी केली होती आणि तिच्यावर चिमटे लावून घरभराचे कपडे वाळत घातले होते. खाली हुबेहूब बाबांच्या धाटणीच्या लाटा. बाबांनी चष्मा पुसला आणि नाक टेकेल इतके ते पुढे झुकले.

"फेस उजवीकडे उडतोय आणि चड्ड्या डावीकडे," ते शेवटी म्हणाले. "समुद्राची थट्टा खुशाल कर. वाऱ्याची नको."

त्यांनी तिच्या पिशवीतला ब्रश आणि रंग मागितले. आलेले लोक भोवती जमले, आणि सत्तरी ओलांडलेला तो गंभीर माणूस स्टुलावर चढून चड्ड्यांची दिशा बदलू लागला. एक फुगवली, दुसरी फुगवली, तिसरीत तर असा वारा भरला की आत्या हसून हसून खुर्चीवरून पडता पडता वाचली. बाबांचेही खांदे हलत होते.

लेकीने चाचरतच विचारलं, राग तर नाही ना आला.

"चाळीस वर्षं माझे समुद्र दवाखान्यांत टांगलेत," बाबा म्हणाले. "खाली बसलेल्या एकाने कधी मान वर केली नाही. ही माणसं बघ, हलायलाच तयार नाहीत."

मग दोरीवर माझ्या एका बनियनपुरती जागा आहे, असं म्हणून त्यांनी तिच्याकडे पांढरा रंग मागितला.